‘पिल्लूच आहे, पाळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडे व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. अजगर बिनविषारी, त्याचं पिल्लू पाळायला सगळ्यात सोपं, लायसन लागत नाही, दूध-अंडं दिलं की भागतं, कोकणची हवा त्याला मानवते आणि मोठा झाला की रानात सोडायचा, असा एकूण मजकूर. यंदा तो माझ्या चुलतभावानेच पाठवला. सोबत एक फोटो आणि खाली, ‘दादा, चिऱ्यांच्या ढिगात वीतभर पिल्लू गावलंय. ठेवूया काय?’

आधी लायसनचं बघू. आपल्या रानातला अजगर, जुनी माणसं ज्याला आर म्हणतात, तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तो धरून ठेवला, विकला किंवा विकत घेतला तर किमान ३ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. पिल्लू आहे म्हणून सूट नाही.

दुकानदार विकतात तो बॉल पायथन. तो आफ्रिकेतला अजगर, त्याला नियम वेगळे. पण त्यालाही ‘काही लागत नाही’ हे खोटं. २०२४च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. इन्स्टाग्रामवर सौदा करून एस्टीच्या पार्सलातून डबा मागवणाऱ्याकडे नोंदवायला कागद कुठला असणार?

दुधावर फार बोलत नाही. साप दूध पितो तो तहानेने, पोसण्यासाठी नाही. बॉल पायथनच्या पिल्लाला पाच-सात दिवसांनी एक उंदीर लागतो, पिल्लाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच जाड. तोही गोठवलेला आणून, वितळवून, कोमट करून द्यायचा, कारण जिवंत उंदीर उलटून सापालाच चावतो. फ्रीजरमध्ये आमरसाच्या डब्याशेजारी उंदीर ठेवायचे आहेत हे काकीला विचारलंस का? घरी आणल्यावर पहिला आठवडा हातही लावायचा नाही आणि गिळल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर उलटी करतं. मेसेजवाले मात्र पहिल्याच दिवशी गळ्यात घालून फोटो काढतात.

आता हवा. या मुद्द्याला निम्मं कोकण फसतं. बॉल पायथनला पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास लागते, दुसरी २६च्या. दमटपणा साधारण ५५ ते ७० टक्के. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे बंद पेटीचं काय होत असेल? माझ्या एका मित्राने हौसेने बॉल पायथन घेतला. खाली नारळाच्या सोडणाचा भुगा घातला, तो चांगलाच असतो, पण ओलाच राहू दिला. तापवायची चटई थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे उष्णता आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय लावली. लाइट दोन दिवस गेली तेव्हा पिल्लू गार पडलं, आली तेव्हा भाजलं. पोटाखालचे खवले तांबूस होऊन उचकटलेले मी बघितलेत. नाकपुडीशी बुडबुडे, तोंड अर्धवट उघडं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. तालुक्याचे डॉक्टर गाईम्हशींचे, ते तरी काय करणार? मुंबईपर्यंत नेलं. जगलं, पण महिनाभर काही खाल्लं नाही. नीट सांभाळलं तर हा साप वीस-तीस वर्षं जगतो. तू पुण्याला नोकरीला गेलास की ही पेटी कोण बघणार?

‘मोठा झाला की रानात सोडा’ म्हणणाऱ्याने अमेरिकेत फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्सचं पाणथळ रान आठवावं. पाळीव धंद्यातून सुटलेले ब्रह्मी अजगर तिथे इतके वाढले की ससे, रॅकून दिसेनासे झाले.

राहिलं ‘बिनविषारी’. अजगर बिनविषारीच, त्यात वाद नाही. पण भावा, तू पाठवलेला फोटो मोठा करून बघ. अजगराचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच हातभर असतं. तुझं वीतभर आहे. अजगराच्या अंगावरचे पट्टे वेडेवाकडे, नकाशासारखे. तुझ्या पिल्लाच्या पाठीवर काळ्या कडांचे लंबगोल ठिपके साखळीसारखे ओळीने आहेत, बाजूंनाही तशाच ओळी. ही घोणस आहे. ती पिल्लंच घालते, तीही याच दिवसांत, आणि ती जन्मापासून विषारी असतात. एक दिसलं म्हणजे त्या ढिगात आणखी असतील. पोरांना तिकडे जाऊ देऊ नकोस, चिरे हलवू नकोस, १९२६ला वनखात्याला फोन लाव. मी संध्याकाळच्या गाडीने येतोय.