गृहपाठ मोबाइलवर टाकायचा आणि वर आम्हालाच संयम शिकवायचा?

काल शाळेत पालकसभा होती. कंपनीत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, नाशकातल्या सातपूरहून सिडकोत धापा टाकत पोचले आणि ऐकायला काय मिळालं? "मुलं मोबाइलच्या आहारी गेलीत. पालकांचा धाक राहिला नाही. घरात संयम शिकवा." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, रोज रात्री पोराच्या हातात मोबाइल देतं कोण? तुम्हीच देता!

साडेआठ-नऊ वाजता वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठ येऊन पडतो. विज्ञानाची पीडीएफ, गणिताच्या पानाचा तिरका फोटो, इतिहासासाठी यूट्यूबची लिंक. वहीत एक अक्षर नाही. वर्गात फळा आहे, खडू आहे, पाच ओळी लिहून द्यायला काय जातं? आणि आम्ही सातवीतल्या पोराला सांगायचं, की हा घे फोन, यातला फक्त गृहपाठ बघ, बाकी कशाला हात लावू नकोस.

परवाचंच सांगते. मी भाकरी थापत होते, तो ओट्याखाली बसून उत्तरं उतरवत होता. पेनाची खरखर कधी थांबली ते कळलंच नाही. वळून पाहिलं तर वहीत "प्रकाशसंश्ले" एवढंच. पुढचं अक्षर नाही, पेनाचं टोपण उघडं आणि अंगठा खालून वर, खालून वर. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. तिसऱ्या हाकेला दचकला. "आई, एकच बघत होतो." वीस मिनिटं गेली होती. तो खोटं बोलत नव्हता हो, त्याला खरंच एकच वाटला होता! तव्यावरची भाकरी करपली तरी मी तशीच उभी.

याला तुम्ही संयमाचा अभाव म्हणता? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर केलेले प्रयोग बी.एड.ला तुम्हीच शिकलात ना? चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला येत असेल, तर ते टोचतच राहतं. रील्सचं नेमकं तेच आहे. पुढचा व्हिडिओ भिकार निघेल की झकास, याचा नेम नाही, म्हणून अंगठा थांबत नाही. पूर्वी निदान पान संपायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये अ‍ॅझा रास्किन नावाच्या डिझायनरनं खाली सरकवत राहिलं तरी न संपणारं पान काढलं आणि तोही अडसर गेला. पुढे त्यानं स्वतःच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. फेसबुकचा पहिला अध्यक्ष शॉन पार्कर तर २०१७ मध्ये उघड बोलला, की माणसाच्या मनातल्या कच्च्या दुव्याचा आम्ही जाणूनबुजून फायदा घेतला.

तिकडे शेकडो इंजिनियर पगार घेऊन या कामाला जुंपलेत आणि इकडे बारा वर्षांचं पोर एकटं. स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पुरता पिकत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेला २०१४ पासून मोबाइल-इंटरनेटच्या व्यसनासाठी वेगळा उपचार विभाग चालवावा लागतोय, आणि आमच्याकडे एकच औषध: आईचा धाक! बाप रात्रपाळीला अंबडला, मी सातला घरी. धाक कधी दाखवू, कणीक मळताना?

सभेत मी उभी राहून विचारलं, "गृहपाठ वहीत का देत नाही?" उत्तर आलं, "ताई, वेळ नसतो." मागून एक बाई पुटपुटल्या, घरात शिस्त असली की झालं. त्यांच्या हातातला फोन तेवढ्या वेळात चार वेळा उजळला होता.

मी अर्ज लिहून ठेवलाय. वर्गातल्या अकरा आयांनी सह्या केल्यात. गृहपाठ फळ्यावर लिहा, पोरं उतरवून घेतील, दहा मिनिटं लागतील. सोमवारी अर्ध्या दिवसाचा पगार पुन्हा कापला गेला तरी चालेल, पण मी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरून लेखी उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही.