पाचपाखाडीचे वॉल्व्ह नॉर्वेला

काल रात्री पावणेअकराला साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. निळंशार पाणी, त्यात लाल ठिपके, खाली एकच ओळ, "ट्रेनिंग कोणी दिलं? खुलासा करावा." तर ट्रेनिंग मी दिलं. आणि ते ठिपके म्हणजे आपल्या ठाण्यातल्या पाचपाखाडीतले पाण्याचे वॉल्व्ह, नॉर्वेच्याही वर समुद्रात.

मी काही जीआयएसवाली, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करणारी, नाही हो. एक्सेलमध्ये रंगीत चार्ट काढता येतो एवढ्या गुन्ह्यासाठी मला दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं आणि आल्या आल्या, "आता तुम्ही बाकीच्यांना शिकवा." 14 माणसं, 3 कॉम्प्युटर, दोन तास. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून साहेब खूश, शिकवणारीही फुकटच.

लेयरपर्यंत, म्हणजे नकाशाचे थर एकावर एक चढवण्यापर्यंत, गाडी बरी चालली. मग पुढ्यात बसले पाण्याचे वॉल्व्ह उघडणारे-बंद करणारे चावीवाले काका. रिटायरमेंटला सात महिने.

"काका, तुमचा वॉल्व्ह कुठेय, तिथे क्लिक करा."

"खड्ड्यात आहे."

"हो, पण नकाशावर?"

"नकाशावर ठेवला तर पाणी कसं सोडणार?"

मागे सगळे फिस्सकन हसले. मी सॅटेलाइट फोटो लावला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक स्क्रीनला टेकवलं आणि बराच वेळ शोधाशोध करून म्हणाले, "ह्यात वडापावची गाडी कुठाय?"

"गाडी कशाला?"

"तिच्या मागे दोन पावलं, मग डावीकडे झाकण."

"आणि गाडी हलली तर?"

"बावीस वर्षं नाही हलली म्याडम. तुमचा तो मोबाइलवरचा ठिपका परवा मी जागचा हललो नाही तरी ब्यूटी पार्लरमध्ये शिरला."

यावर काय बोलणार, कारण मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे होतो, टॉवरांच्या मधे तर विचारूच नका, आणि झाकण जेमतेम दोन फुटांचं.

दुसरी डोकेदुखी ती शेपफाइल, म्हणजे नकाशावरचे ठिपके-रेषा साठवायची फाइल. नाव एकीचं, निघतात चार-पाच, त्या सगळ्या एकत्र पाठवायच्या असतात, आणि लोक मेलवर एकच पाठवून "उघडत नाही म्याडम" म्हणतात. नवरदेव मांडवात आणि वऱ्हाड घरी!

नॉर्वेचं म्हणाल तर, एक्सच्या रकान्यात लाँगिट्यूड (रेखांश) लागतं आणि वायच्या रकान्यात लॅटिट्यूड (अक्षांश). पण सगळं जग "लॅट-लाँग" म्हणतं, मग माणूस पहिल्या रकान्यात लॅटच भरणार ना? ठाण्याचं 19.19 आणि 72.97 उलटं पडलं की थेट बर्फाच्या दिशेला. मी तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगताना चहा आला.

आणि खरं सांगू, राग नॉर्वेचा नाहीये. काकांच्या डोक्यातले सगळे वॉल्व्ह सात महिन्यांनी त्यांच्याबरोबर घरी जाणार, त्याचा खुलासा कोणी कोणाला मागत नाही.

सकाळी मी ग्रुपवर दीड पान खुलासा टाकला. त्याखाली लगेच काकांचा व्हॉइस मेसेज, "म्याडम, नॉर्वेला पाणी किती वाजता सोडायचं?" त्याला अकरा अंगठे. माझ्या खुलाशाला एक, साहेबांचा, आणि सोबत, "सोमवारी ट्रेनिंग परत घ्यावे."