ग्रिंचला कारण कशाला हवं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चिडून लिहिलेली आहे. मला दोन्ही आवडलं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ग्रिंच म्हणजे डॉक्टर स्यूसच्या मुलांच्या पुस्तकातला, एका गावाचा नाताळ चोरायला निघालेला कुढा प्राणी. मी लिहिलं होतं की १९६६ साली अमेरिकन टीव्हीवर आलेला दिग्दर्शक चक जोन्सचा सव्वीस मिनिटांचा कार्टून ग्रिंच समोर असताना, २००० सालच्या जिम कॅरीच्या चित्रपटाने त्या गोष्टीचा कणाच मोडला. ताईंना हे मान्य नाही. त्या म्हणतात, हे निव्वळ ‘जुनं ते सोनं’ आहे आणि तेही उसनं, कारण लहानपणी आपल्यापैकी कुणी ग्रिंच पाहिलेलाच नव्हता. शिवाय पुस्तकात भर तर जुन्या कार्टूननेही घातली होती, मग ती चालते आणि चित्रपटाची का नाही? त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा की चित्रपटातला ग्रिंच असा का झाला ते कळतं, तो बाजारूपणावर नेमकं बोट ठेवतो, आणि न्यू जर्सीतल्या शाळेत चिडवाचिडवी सोसणाऱ्या त्यांच्या मुलाला तो म्हणूनच आपला वाटला. शेवटी एक तिरका प्रश्न आहे: २०१८चा अ‍ॅनिमेटेड ग्रिंच तरी चालतो का तुम्हाला?

उसन्या आठवणींचं आधी संपवू. मी दोन्ही ग्रिंच पाहिले ते मिशीत पांढरे केस दिसायला लागल्यावर. आमच्या घरी डिसेंबरात नाताळ नव्हता, सहामाहीचे पेपर घरी यायचे. त्यामुळे गहिवरायला माझ्याकडे काही नाही.

भर घालण्याचा तुमचा मुद्दा मात्र पक्का आहे. डॉक्टर स्यूस म्हणजे थिओडोर गाइझेल यांचं १९५७चं ते पुस्तक मोठ्याने वाचलं तर बारा-पंधरा मिनिटांत संपतं. टीव्हीला अर्ध्या तासाचा कार्यक्रम हवा होता. म्हणजे जोन्सलाही गोष्ट दुपटीने लांबवावीच लागली. पण त्याने भरलं काय ते बघा. कुत्रा मॅक्स पुस्तकात जेमतेम आहे. जोन्सने त्याला भरपूर जागा दिली. रेनडिअर बनवायला डोक्याला बांधलेल्या शिंगाच्या वजनाने कलंडणारा, घसरगाडीमागे फरपटणारा आणि आपल्याकडे बघून ‘तुम्हीच काय ते समजा’ अशा चेहऱ्याने उभा राहणारा. मग गाणी घातली. ग्रिंचला शिव्या घालणारं ते प्रसिद्ध गाणं थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टने म्हटलं, पण श्रेयनामावलीत त्याचं नाव राहून गेलं आणि लोक कितीतरी काळ ते निवेदन करणाऱ्या आणि ग्रिंचला आवाज देणाऱ्या बोरिस कार्लॉफचंच समजत राहिले. आणि ग्रिंचच्या चेहऱ्यावर पसरत जाणारं ते हसू! दुष्ट कल्पना सुचते, आणि ओठाची एक रेघ गालावरून वर चढत, वळत, कपाळाच्या सुरकुत्यांपर्यंत जाते. जोन्सला तिथे काही घाई नाही. त्याने लांबवली ती हालचाल, सूर आणि गंमत. गोष्टीतल्या कुणाच्याही मनात त्याने नवा हेतू घातला नाही.

शब्दांनाही हात लावला नाही. गाइझेलच्या इंग्रजी ओळींचा साचा असा की दोन हलके उच्चार, मग एक आघात, आणि असं चार वेळा. शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ घोकलेल्यांच्या लगेच लक्षात येईल, की चार सगण म्हणजे आपलं तोटक वृत्तच. इंग्रजीत लघु-गुरूऐवजी आघात मोजायचे, एवढाच फरक. बोरिस कार्लॉफ ते वृत्त चालीत न अडकता, जपून, कानात कुजबुजल्यासारखं वाचतो. चित्रपटात अँथनी हॉपकिन्सच्या निवेदनात त्या ओळी अधूनमधून येतात, पण पात्रं गद्यात बोलतात, आणि लय धरली न धरली तोच सुटते.

(कार्लॉफवरून आठवलं. १९३१च्या चित्रपटात फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस झालेला तोच हा नट. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या आजीची सख्खी बहीण अ‍ॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध बाई, जन्मली १८३१ साली आपल्या अहमदनगरला. म्हणजे ग्रिंचचा आवाज थोडा नगरकडचा आहे म्हणायला हरकत नाही. तुम्हाला पटवायला याचा काही उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

आता खरा मुद्दा, कारणाचा.

गोष्ट एवढीच आहे. हूव्हिलच्या लोकांना नाताळ प्रिय, आणि डोंगरावर राहणाऱ्या ग्रिंचला तो असह्य. सांताक्लॉजचं सोंग घेऊन तो रात्रीतून गावातल्या भेटी, झाडं, जेवणाचं सामान, सगळं उचलून नेतो आणि सकाळी रडारड ऐकायला कान टवकारून बसतो. ऐकू येतं ते गाणं. नाताळ दुकानातून येत नाही हे त्याला तेव्हा उमगतं, त्याचं हृदय मोठं होतं, आणि तो सगळं परत आणून देतो. तो असा का, यावर पुस्तक आणि कार्टून सरळ खांदे उडवतात. डोकं नीट बसवलेलं नसेल, बूट चावत असतील, पण बहुधा हृदयच दोन मापं लहान असावं. कारण विचारू नका, असं सांगायची ही मिस्कील रीत आहे. गावकऱ्यांनी ग्रिंचचं काही वाकडं केलेलं नाही, आणि त्यांना कुणी धडाही शिकवायचा नाही. त्यामुळे सगळं चोरीला गेल्यावरही ते हातात हात घालून गातात तेव्हा ग्रिंचसारखेच आपणही तोंड उघडं टाकून बघत राहतो.

चित्रपटाला १०४ मिनिटं भरायची होती. एवढ्या वेळात नुसता खांदे उडवणारा निवेदक पुरत नाही. म्हणून ग्रिंचला बालपण आलं, शाळेत हसणारी मुलं आली, पुढे गावाचा महापौर झालेला एक छळवादी आला, मनात भरलेली मुलगी आली. पुस्तकात जेमतेम दोन वर्षांची असलेली सिंडी लू मोठी होऊन ग्रिंचचा इतिहास शोधत गावभर फिरू लागली. आणि गावकरी खरेदीने पिसाळलेले, शेजारणीपेक्षा आपल्या घराला जास्त दिवे हवेत म्हणून झुरणारे झाले.

तुम्हाला आवडलेला प्रसंग आठवा. भर समारंभात ग्रिंच गावाला सुनावतो की तुमच्या या भेटींचं शेवटी काय होतं मला ठाऊक आहे, त्या कचऱ्यातून माझ्याकडेच येतात. कॅरीने तो झकास केलाय, वादच नाही. पण मग डोंगरमाथ्यावर त्याने शिकायचं काय राहिलं? नाताळ दुकानातून येत नाही, हे तो अर्धा चित्रपट आधीच बोलून चुकलाय. शिकायचं होतं ते गावाला, आणि ते काम सिंडीचे बाबा एका छोट्या भाषणात उरकतात. बदल दोन झाले आणि एकाने दुसऱ्याची हवा काढली. ग्रिंचचं हृदय तीन मापं वाढतं तेव्हा मला वाटत राहतं, याचं तर आधीपासूनच बरोबर होतं की!

बाजारूपणावर बोट ठेवण्यात जुनं कार्टूनही काही सोवळं नव्हतं म्हणा. जोन्स चित्रफलक घेऊन प्रायोजकांचे उंबरे झिजवत होता, आणि शेवटी पैसे दिले ते बँकांच्या एका संघटनेने. दुकानातून न येणाऱ्या नाताळची गोष्ट बँकवाल्यांच्या खर्चाने!

तुमच्या मुलाबद्दल. त्याला तो ग्रिंच आपला वाटला, यात मी नाक खुपसणार नाही. त्याला तिथे जे मिळालं ते त्याचं आहे. फक्त एक सांगतो. कार्टूनमधल्या ग्रिंचला कारण नाही, म्हणून त्याला कैफियतही द्यावी लागत नाही. तो परत येतो आणि गाव त्याला जेवायला बसवतं, इतकंच नाही तर पक्वान्न वाढायचा मान त्याचा. कधीकधी पोरं काहीही झालेलं नसताना कुढत बसतात, विचारलं तर सांगता येत नाही. छळ झालेल्या मुलाची बाजू चित्रपट घेतो, पण या कारण नसलेल्या पोराला त्यात जागा नाही.

कॅरीवर मी अन्याय केला, असं तुम्ही म्हणता. रिक बेकरच्या रंगभूषेला त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच झालं. पहिल्यांदा तो मुखवटा चढवायला आठेक तास लागले आणि कॅरी इतका वैतागला की छळ सोसायचं प्रशिक्षण देणारा माणूस निर्मात्याने त्याच्यासाठी आणला, हे कॅरीनेच सांगितलंय. एवढ्या रबराखालून तो जे पोहोचवतो ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. माझी तक्रार नटावर नाहीच.

आणि खरी माणसं घेऊन काढलेल्या चित्रपटांवरही ती तक्रार नाही. तुमच्या तिरक्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. २०१८चा ग्रिंच अ‍ॅनिमेटेड आहे, देखणा आहे, बेनेडिक्ट कंबरबॅचचा आवाज आहे, आणि मला तोही चालत नाही. लांबी दीड तासाच्या आसपास, म्हणून तिथेही कारण हजर: ग्रिंच अनाथाश्रमात एकटा वाढलेला. चित्र परत आलं, पण खांदे उडवणारा निवेदक काही परत आला नाही.

धाकटीला अजून काहीच दाखवलेलं नाही म्हणता, तर आधी जुना दाखवा. कॅरीचा चेहरा आधी पाहिला की जोन्सची ती रेघ फिकी वाटते. आणि थोरल्यालाही सोबत बसवा. त्याला जुना कंटाळवाणा वाटला तर तेही कळवा, इथेच छापीन.