कंसात काय टाकता त्यावर आकडा बदलतो
डेटाबेसला माहिती विचारायच्या एसक्यूएल भाषेची 'मोज की रे सगळ्या ओळी' ही मराठी विडंबन क्वेरी वाचून जाम हसलो, पण खाली ओळी मोजणाऱ्या काउंट फंक्शनबद्दल 'हे शेवटी काउंटच, कंसात स्टार टाका नाहीतर कुठलाही कॉलम, आकडा तोच' असं लिहिलंय ते साफ चूक. कॉलमचं नाव दिलं की त्यात नल (म्हणजे काहीच मूल्य भरलेलं नाही) असलेल्या ओळी गुपचूप गळतात, मी स्वतः एकदा फोन नंबरच्या कॉलमवर काउंट लावून रिपोर्ट दिला आणि ग्राहक कमी कसे झाले म्हणून दोन दिवस डोकं खाजवत बसलो होतो.

आणि मोजणं फुकट नसतं हो, मायएसक्यूएल डेटाबेसचं मायआयसॅम इंजिन एकूण आकडा लिहूनच ठेवायचं, पोस्टग्रेस या डेटाबेसला मात्र कुठली ओळ कुठल्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र चालणाऱ्या कामांच्या गटाला) दिसते ते बघत खरंच मोजावं लागतं. अंदाजावर भागणाऱ्यांसाठी 'साधारण किती रे' असा पण एक कीवर्ड टाका ना 😄