ट्रॉम्बोनच्या मागे बँडच हवा

नमस्कार. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ट्रॉम्बोन कॉन्चेर्टोवर (ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य पुढे आणि बँड साथीला, अशी रचना) मी इतकं भरभरून लिहावं हे तुम्हाला पटलेलं नाही. जेमतेम दहा मिनिटांची रचना, आशय उथळ, बाज वरातीतल्या बँडचा आणि 'शेहेराझाद' या वाद्यवृंदासाठीच्या गाजलेल्या रचनेच्या कर्त्याला न शोभणारी, असं तुमचं म्हणणं. पैकी दहा मिनिटं मान्य.

'शेहेराझाद' 1888 ची, हा कॉन्चेर्टो 1877 चा. तेव्हा हा माणूस रशियन आरमाराच्या बँडांचा निरीक्षक होता. 1873 ते 1884 ही नोकरी त्याने केली आणि दुसऱ्यांचं वादन तपासायचं तर वाद्यं आपल्याला कळायला हवीत म्हणून ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, फ्लूट स्वतः वाजवून पाहिली. क्रोनश्टाटच्या आरमारी तळावर बँडांचे एकत्रित कार्यक्रम होत. त्यांत एकलवादनाला तेच ते गुळगुळीत झालेले तुकडे नकोत म्हणून त्याने तीन रचना केल्या: ही, ओबो या फुंकवाद्यासाठी रशियन संगीतकार ग्लिंकाच्या एका गीतावरची व्हेरिएशन्स (एकाच धुनेची बदलती रूपं) आणि एक क्लॅरिनेटसाठी. एकल वाद्य आणि पूर्ण बँड यांची अदलाबदल, कॅडेन्झा (साथ थांबवून एकट्याने कसब दाखवायची जागा), या सगळ्याचा आपल्यालाच सराव व्हावा हा दुसरा हेतू त्याने आत्मचरित्रात लपवलेला नाही. "म्हणजे गृहपाठच!" असं तुम्ही लिहिलंत. असेल. 1871 पासून सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, प्राध्यापक असूनही गृहपाठ करणारा माणूस मला तरी आवडतो.

खरी गोम वेगळी आहे. तुम्ही ऐकलंत ते पियानोच्या साथीचं ध्वनिमुद्रण. विद्यार्थी बहुधा तसंच वाजवतात. पियानोपुढे ट्रॉम्बोन आयताच उठून दिसतो. बँडमध्ये मात्र त्याच्या मागे त्याचेच भाऊबंद असतात: कॉर्नेट, हॉर्न, ट्यूबा, वर आणखी ट्रॉम्बोन. गवयामागे तंबोऱ्याऐवजी डझनभर गवई बसवावेत, तशी गत. म्हणून बँडला गर्जायचं ते मधल्या जागांत. एकल सूर लागला की संगत विरळ. ही काटकसर तुम्हाला उथळपणा वाटली, कारण जिच्यासाठी ती केली ती गर्दीच तुमच्या कानावर आली नाही.

आणि संथ दुसरा भाग! ट्रॉम्बोनला कळा नाहीत, नळी सरकवून सूर गाठायचा. आपल्याला मींड हवीहवीशी. इथे ती नकोशी. सूर सलग वाटले पाहिजेत, पण मधली घसरण ऐकू येता कामा नये, म्हणून जिभेचा हलका स्पर्श आणि हाताची झटक एकाच क्षणी जुळवावी लागते. सोपी दिसणारी ही धून चांगल्या चांगल्यांना उघडं पाडते.

पहिला भाग मलाही ठीकठाकच वाटतो. तिसऱ्याचा कूचाचा थाट तुम्हाला वरातीसारखा वाटला, यात नवल नाही. आपल्या वरातीतल्या बँडांची वाद्यं मुळात लष्करी बँडांतूनच आली. पण नाविकांच्या बँडने नाविकांच्या बँडसारखं वाजू नये, ही कुठली अपेक्षा?

बँडसह वाजवलेलं एखादं ध्वनिमुद्रण मिळवा, दुसरा भाग नीट ऐका. तिसऱ्यावरून मग पुन्हा भांडू.