‘आमच्या आईला कुठं झालं होतं असलं काही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

पाळी गेल्यावर लघवीचा संसर्ग परत परत का होतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना निम्मी पटली. उत्तर लांबणार आहे, म्हणून वेगळंच लिहिते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ताई 52 वर्षांच्या आहेत, शाळेत शिकवतात, रोज येऊन-जाऊन दोन तास एसटीत असतात. ‘भरपूर पाणी प्या’ हे घरी बसून लिहायला सोपं आहे, असं त्यांचं म्हणणं. आईला-आजीला पाळी गेल्यावर असलं काही झालं नाही, स्वच्छता पाळली की पुरे. हार्मोनचं क्रीम सुचवून मी औषध कंपन्यांची जाहिरात करते आणि बायकांना कॅन्सरच्या दारात नेऊन उभं करते. त्यांच्या सख्ख्या जावेला स्तनाचा कॅन्सर झालेला आहे. आणि शेवटचा टोला: ‘तुम्ही स्वतः तरी लावता का?’

पाण्यापासून सुरुवात करते, कारण तिथं चूक माझी आहे. ज्या अभ्यासाच्या जोरावर मी ते लिहिलं तो 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात 140 बायका होत्या, सगळ्या मुळात कमी पाणी पिणाऱ्या, सगळ्यांना वारंवार संसर्ग होणाऱ्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. आकडे खरे आहेत. पण त्या सगळ्या बायकांची पाळी चालू होती, आणि हे मी लेखात लिहिलं नाही. मूत्राशय वरचेवर धुऊन निघणं कुठल्याही वयात चांगलंच. तरी ‘त्रास निम्म्यावर येतो’ हे आपल्या वयाच्या बायकांना इतकं छातीठोकपणे सांगायला नको होतं. ते वाक्य आता बदललं आहे. हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी माझं ऐकून वाढवू नये, हेही घातलं आहे.

राहिला प्रश्न जायचं कुठं. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. स्वच्छतागृहं मात्र होती तशीच आहेत. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’वाल्या बायका भांडताहेत, पुरुषांना मुतारी फुकट आणि आम्हाला पैसे का म्हणून. तालुक्याच्या स्टँडवर पैसे देऊनही आत पाय ठेववत नाही. तेव्हा यावर माझ्याकडे उपाय नाही, जुगाड आहे. सकाळी निघताना पेलाभरच पाणी प्यायचं. शाळेत पोचलं की बाटली काढायची आणि दुपारी तीनपर्यंत संपवायची. सुटताना, लागलेली नसली तरी जाऊन यायचं. आणि किळस येते म्हणून आपण अर्धवट वाकून उरकतो ना, ते निदान शाळेत आणि घरी तरी नको. तसं केल्यानं मांड्या आणि ओटीपोट ताठ राहतं, लघवी पूर्ण होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. नीट बसायचं, झालं की अर्धा मिनिट थांबायचं, किंचित पुढं वाकून पुन्हा करायची. ज्यांचं ‘अंग बाहेर येतं’ त्यांना याचा जास्त उपयोग; पण त्यांनी डॉक्टरांना दाखवायलाच हवं, तिथं लघवी अडून राहते.

आता स्वच्छता. इथं मात्र मी मागे हटणार नाही.

मी मिरजेत 26 वर्षं लॅबमध्ये काढली. लघवीची कल्चरं लावायची, म्हणजे तिच्यातले जंतू प्लेटवर वाढवायचे, आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उघडून बघायची. दहातल्या सात-आठ वेळा तेच: मॅकॉन्की नावाच्या, जंतू ओळखायच्या प्लेटवर गुलाबी ठिपके, ई. कोलाय. हा जंतू स्टँडवरच्या संडासातून उडून येत नाही. तो आपल्याच आतड्यात राहतो, दररोज दोनदा आंघोळ करणाऱ्या बाईच्याही. आतड्याचं तोंड, योनिमार्ग आणि लघवीची वाट शेजारी शेजारी, आणि बाईची ती वाट जेमतेम चार सेंटिमीटरची. पुढून मागं धुवावं हे बरोबरच आहे, धुवा. पण ‘तुम्ही स्वच्छता ठेवत नाही’ हे ऐकून बायका काय करतात ते मला विचारा. बादलीत डेटॉल घालतात. साबण आतपर्यंत लावतात. सुगंधी वॉश आणतात. नाजूक झालेली त्वचा त्यानं आणखी सोलवटते, आणि तरीही पुढच्या महिन्यात बाटली घेऊन त्या माझ्या खिडकीशी उभ्या, मान खाली. अशा टापटिपीच्या बायकांना मी अपराध्यासारखं उभं राहिलेलं पाहिलंय. माझा मूळ लेख त्यांच्यासाठी होता.

दोष आहे तो विरजणाचा. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनमुळे योनीचं अस्तर जाड असतं, त्यात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू पोसले जातात, आपल्या दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते तिथं आंबटपणा धरून ठेवतात, आणि आंबटात ई. कोलायचं बस्तान बसत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन जातं, अस्तर पातळ होतं, साखर आटते, विरजण मरतं. रिकाम्या जागेत आतड्यातली मंडळी येऊन राहतात आणि तिथून वर चढतात. कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, लघवीची घाई ही सगळी याचीच भावंडं. (म्हणून कुणी दही लावू नका. हसू नका, लावतात.)

हरवलेलं विरजण परत आणता येतं का, हे 1993 साली दोन संशोधकांनी तपासलं, राझ आणि स्टॅम. पाळी गेलेल्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या 93 बायका. काहींना इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं क्रीम, काहींना नुसतंच, औषध नसलेलं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, असे आठ महिने. नुसतं क्रीम लावणाऱ्यांना वर्षाच्या हिशेबानं माणशी 5.9 वेळा संसर्ग झाला, इस्ट्रिऑलवाल्यांना 0.5 वेळा. महिन्याभरात दहातल्या सहाजणींमध्ये लॅक्टोबॅसिलस परतले. दुसऱ्या गटात एकीतही नाही. 26 वर्षं प्लेटी पाहिलेल्या बाईला हा निकाल किती गोड लागला असेल! आणि गंमत म्हणजे हेच इस्ट्रोजेन गोळीतून पोटात घेतलं तर लघवीच्या संसर्गावर असा फायदा दिसत नाही. ते जागेवरच लागतं.

आता कॅन्सर. तुमची भीती हवेतून आलेली नाही. 2002 साली अमेरिकेत साडेसोळा हजार बायकांवरचा मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन्ही हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला: दर वर्षी दहा हजार बायकांमागे आठ जास्त. ती बातमी जगभर गेली आणि ‘हार्मोन’ या शब्दालाच डाग लागला. पण त्या पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या, रोजच्या. हे क्रीम आठवड्यातून दोनदा, इवलंसं, जागेवर. रक्तात त्यातलं फारच थोडं उतरतं. त्याच प्रकल्पातल्या ज्या हजारो बायका योनीमार्गातून इस्ट्रोजेन घेत होत्या त्यांची पुढं कित्येक वर्षं नोंद ठेवली गेली, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला आढळला नाही.

तुमच्या जावेची गोष्ट मात्र वेगळी. ज्यांना कॅन्सर होऊन गेलाय, विशेषतः ज्या अजून इस्ट्रोजेन दाबणाऱ्या गोळ्यांवर आहेत, त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्यूब हातातही धरू नये. आधी बिनहार्मोनची जेल वगैरे वापरून पाहतात. हे मी मूळ लेखात अर्ध्या ओळीत उरकलं होतं, तिथंही तुमचा राग रास्त आहे. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी क्रीम बाजूला, आधी तपासणी.

आजीचं म्हणाल तर माझ्या आजीला ‘उन्हाळी’ लागायची, म्हणजे लघवीला जळजळ व्हायची. रात्री धने-जिरे भिजत घालायची, सकाळी चोळून, खडीसाखर घालून प्यायची. लहानपणी मला कोडं पडायचं, हिला ऐन श्रावणात उन्हाळी कशी लागते? पाय पोटाशी घेऊन दुपारभर पडून राहायची आणि विचारलं तर ‘उष्णता झालीय’ म्हणायची. तिला काही झालं नव्हतं असं माझे काकाही सांगतील. धन्याचं पाणी तुम्हीही प्या, वाळ्याचं प्या, निदान पाणी तरी पोटात जातं. जंतू त्यानं मरत नाहीत एवढंच. दुकानातल्या त्या गोड-आंबट सिरपचंही तेच, जळजळ निवते, रोग राहतो; शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गावरचं औषध चालू असेल तर लघवी अल्कधर्मी करून त्या गोळीची धारच बोथट होते. क्रॅनबेरीचा थोडाफार उपयोग दिसलाय, पण रस नको, गोळ्या बऱ्या. खोक्यातल्या रसात साखरच फार, आणि आपल्यात मधुमेह किती घरांत आहे! डी-मॅनोज या साखरेची पावडर, जी संसर्ग टाळायला म्हणून विकतात, 2024 मधल्या मोठ्या चाचणीत फुकट गेली. पैसे वाचवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी लॅबवाली म्हणून सांगते. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या आणून, बरं वाटलं की थांबायचं, हे बंद करा. त्या पट्टीवरची लाल रेघ नक्षी नाही, ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही म्हणून आहे. अर्धवट गोळ्यांनंतर आलेल्या कल्चरमध्ये नॉरफ्लॉक्सासिनसारख्या औषधांपुढं ‘आर’, म्हणजे चालत नाही, असं लिहून लिहून माझा हात दुखला. नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा, मधल्या धारेचा, लॅबच्या निर्जंतुक डबीत. लोणच्याच्या धुतलेल्या बाटलीत आणाल तर लोणच्याचे जंतू सापडतील. आणि तक्रार काहीच नसताना सासूबाईंच्या रिपोर्टात पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसल्या म्हणून औषध मागू नका. म्हातारपणी लघवीत जंतू नुसते राहतात, त्यांना छेडायचं नसतं. हुडहुडी भरून ताप आला, पाठीत दुखलं, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. जळजळ नसताना लघवी लाल आली तरीही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला ‘वारंवार’ म्हणतात. तुमचं तेवढं होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना क्रीमबद्दल विचारा, त्या नको म्हणाल्या तर का ते विचारा. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत ट्यूब फेकू नका. एक ट्यूब बरेच दिवस पुरते, त्यामुळे माझ्या जाहिरातीनं कंपनी श्रीमंत होईलसं वाटत नाही.

आणि हो, लावते. चार वर्षं झाली. दिवस विसरायला होतात म्हणून मंगळवार आणि शनिवार ठरवून टाकलेत, एक गणपतीचा, एक मारुतीचा. ब्रह्मचारी मारुतीरायाला यात ओढल्याबद्दल आमच्या घरून अजून बोलणी बसतात.