आधी माती, मग रेघ
चेहऱ्याची वैशिष्ट्यं मुद्दाम वाढवून काढलेलं चित्र ते अर्कचित्र आणि तसंच घडवलेलं शिल्प ते अर्कशिल्प. ही कला शिकणाऱ्यांसाठीच्या एका लेखात अर्कशिल्प म्हणजे ‘कागदावरच्या अर्कचित्राची मातीतली प्रत’ असं म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. फ्रान्सच्या ओनोरे दोमिए या व्यंगचित्रकारानं १८३२च्या सुमारास नेमकं उलट केलं. तिथल्या संसद सदस्यांचे वीतभर उंचीचे अर्धपुतळे त्यानं मातीत घडवले, रंगवले आणि त्यांचा आधार घेऊन शिळाछापाची (दगडावर रेखाटून छापलेली) अर्कचित्रं काढली. त्या पुतळ्यांतले ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. न भाजलेली माती इतकी वर्षं टिकली हेच नवल!

मी शाडूत आणि कागदावर, दोन्हीकडे चेहरे करतो. कागदावर नाक लांबवलं की समोरून भागून जातं. मातीत तेच नाक लावून पाट जरा फिरवला, की बाजूनं तो माणूस ओळखूच येत नाही. मग हनुवटी आत दाबा, मान पुढे काढा. साम्य बऱ्याचदा खांद्यांच्या पोकातच सापडतं. हे हाताला कळलं की कागदावरची रेघही धीट होते. म्हणून लेखात शिकणाऱ्यांसाठी दिलेला ‘माती सर्वात शेवटी’ हा क्रम मला नुकसानीचा वाटतो. वहीबरोबरच मूठभर शाडूही पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातात द्या.